शेरखानाची वाघदेवाशीं गांठ

जपानी व भारतीय कलावंतांनीं मिळून १९९२ सालीं पुरा केलेला ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा चित्रांचा बोलपट २०२५ च्या जानेवारींत आपल्याकडील चित्रपटगृहांत नव्यानें लागला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. युगो साको या जपानी गृहस्थांच्या ध्यासांतून तो निघाला, आणि आपल्याकडील राम मोहन यांनीं त्याच्या दिग्दर्शनांत वांटा उचलला होता. आमच्या परिचयाच्या दोन-तीन घरांतील मंडळी तो पाहावयास गेली, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. मुलांना न्यावयाचें हें केवळ निमित्त होतें. खरी घाई त्यांच्या बापांना होती. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे हे गृहस्थ, कोणी बँकेंत अधिकारी, कोणी वकील. पूर्वींच्या हिंदी आवृत्तींत रावण अमरीश पुरी यांच्या आवाजांत बोलत असे. नव्या आवृत्तींत तो आवाज नाहीं असें कळतांच त्यांतील एकजण लहान मुलासारखा रुसून बसला.

‘एवढा थोरला झाला तरी कार्टून पाहतो,’ असा शेरा घरोघरच्या आत्याबाईंनीं मारला असेलच. आमच्या घरांतील वडील वहिनींनीं तर तो दोनदां मारला. आमचें मत त्यांच्याहून वेगळें आहे. पंचतंत्र आठव्या वर्षीं ऐकावें आणि साठाव्या वर्षीं पुन्हां वाचावें, यांत कोणास वावगें वाटत नाहीं. मग ज्यांच्या पंचतंत्रास हातपाय फुटून तें पडद्यावर चालूं लागलें, त्यांनींच तेवढें लाजावें काय? आमच्या पिढीच्या वांट्यास अशीं चित्रें थोडीं आलीं. फिल्म्स डिव्हिजननें १९७४ सालीं काढलेला विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ हा लहानसा पट दूरदर्शनवर लागे. पारध्याचें जाळेंच घेऊन उडणारे पक्षी आणि तें कुरतडणारे उंदीर दिसले कीं, ज्यांनीं मित्रसंप्राप्ति वाचली होती त्यांना चित्रग्रीव कपोत व हिरण्यक मूषक यांची ओळख तत्काळ पटे. त्याच्याहि मागें जावयाचें तर दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं आगकाड्यांना नाचविलें होतें, आणि प्रभात कंपनीनें १९३४ सालीं ‘जंबूकाका’ काढला होता. पण हे सारे सुटे तुकडे. रविवारामागून रविवार तोच नायक भेटीस येतो, त्याचा आवाज घरांतल्या माणसाइतका ओळखीचा होतो, हें सुख बहुतांशीं १९९० नंतरच्या मुलांना लाभलें.

आतां हीं मुलें बाप झालीं आहेत, आणि जुने भाग मोबाइलवर पुन्हां पाहतां पाहतां त्यांना एक खेळ सुचला आहे. एका मालिकेंतील पात्र उचलून दुसरींत नेऊन ठेवावयाचें, आणि पुढें काय होईल तें रंगवावयाचें. मोगली छोट्या भीमाच्या ढोलकपुरांत आला तर? रामायणाच्या त्या पटांतील जटायु मोगलीच्या रानावरून उडाला तर? या प्रकारास ते ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. आम्ही त्यास कथासंगम म्हणतों. नांव कांहींहि असो, हा खेळ परदेशांतून आला असें ज्यांना वाटतें त्यांनीं वनपर्व काढून पाहावें.

द्रौपदीकरितां सौगंधिक कमळें आणावयास भीम गंधमादनावर चढतो. वाटेंत एक म्हातारें वानर आडवें पडलेलें असतें. शेंपूट बाजूस कर म्हणून भीम गुरगुरतो. वानर म्हणतें, मी थकलों आहें, तूंच उचलून ठेव. हिडिंब-बकांना लोळविणाऱ्या त्या वीराला दोन्ही हात लावूनहि तें शेंपूट हालत नाहीं. तो मारुति आहे, आपल्याच पित्याचा, वायूचा पुत्र आहे, हें भीमाला नंतर कळतें. आतां ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, व्यासांनीं मारुतीला तरुण करून भीमाच्या जोडीनें राक्षस मारावयास धाडलें नाहीं. त्यांनीं त्याला म्हातारा ठेविला. तो आपलें युग बरोबर घेऊन आला आहे. समुद्र ओलांडतांनाचें तें रूप दाखव म्हणून भीम हट्ट धरतो, आणि दाखविल्यावर त्याचे डोळे दिपतात. भीमाचा ताठा त्याच्या घरांतल्या कोणाला उतरवितां येत नव्हता. आणि राम गेल्यावर मारुति कसा राहतो, कोणाची वाट पाहतो, हें जाणण्याची तहान ऐकणारांना होतीच. एका भेटींत दोन्ही कामें उरकलीं.

भागवतांत स्यमंतक मण्यापायीं जांबवान कृष्णाशीं अठ्ठावीस दिवस झुंजतो, आणि अंग खिळखिळें झाल्यावर त्याला ओळख पटते कीं हा तर आपला जुना स्वामी. गणेशचतुर्थीस चंद्र दिसला तर आळ टळावा म्हणून ही कथा आपल्या घरांतून दर वर्षीं वाचली जाते. पण रामकथेंतील अस्वल कृष्णकथेंत कोठून आलें, असा प्रश्न कोणीहि विचारीत नाहीं, इतका तो सांधा बेमालूम बसला आहे. परशुरामाचें तर विचारूंच नये. तो जनकाच्या जांवयाला वाटेंत गांठतो, भीष्माशीं लढतो, कर्णाला विद्या देतो आणि शापहि देतो, आणि एवढें करून आम्हां कोंकणस्थांसाठीं समुद्र मागें हटवावयास त्याला सवड मिळते ती मिळतेच.

तेव्हां कथासंगम करावा कीं नाहीं हा प्रश्नच नाहीं. तो साधला कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. अकराव्या शतकांत काश्मिरांत क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्यास जी कसोटी लावली तीच येथें लावावी. पात्र परक्या कथेंत शिरतांना आपलें वय, आपली जखम, आपला स्वभाव बाहेर ठेवून आलें तर तें पात्र आलेंच नाहीं, त्याचा मुखवटा आला.

हैदराबादेंत २००८ सालीं जन्मलेला ‘छोटा भीम’ घ्या. त्याची व बालकृष्णाची गांठ त्याच्या निर्मात्यांनींच चित्रपटांतून घातली आहे. एकाच्या हातीं लाडू, दुसऱ्याच्या हातीं लोणी. दोघेहि एकाच वयाचे, सारखेच बळकट, सारखेच निरागस. कोणा दुष्टाचा पाडाव होतो आणि दोघे निरोप घेतात. नातवंडें खूष होतात, तें वाईट नाहीं. पण ही भेट झाली नसती तरी दोघांपैकीं कोणाचेंहि कांहीं अडलें नसतें. याहून डिस्नेची ‘टेलस्पिन’ आम्हांस बरी वाटते. आपल्याच १९६७ च्या ‘जंगल बुक’ चित्रपटांतील अस्वल आणि वाघ त्यांनीं १९९० सालीं उचलले, अस्वलाला मालवाहू विमानाचा वैमानिक केलें, आणि शेरखानाला कोट चढवून एका प्रचंड कंपनीच्या मालकाच्या खुर्चींत बसविलें. दूरदर्शननें तीहि हिंदींतून दाखविली. त्यांतला शेरखान डरकाळी फोडीत नाहीं, पंजा उगारीत नाहीं, तरी त्याच्यापुढें उभें राहतांना सर्वांची बोबडी वळते. भय तेंच, तें दांतांतून निघून हिशेबाच्या वहींत गेलें आहे, एवढेंच.

आतां ज्याकरितां हें सारें लिहावयास बसलों तें सांगतों. कर्जत व खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी या नांवाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. बोरघाट चढणाऱ्या रेल्वेवरहि जांबरुंग आणि नागनाथ यांच्या मध्यें याच नांवाचें ठिकाण लागतें. ठाकर लोकांची वाडी ती ठाकुरवाडी. आमच्या नोकरीचीं कांहीं वर्षें अशा एका वाडीवरच्या शाळेंत गेलीं. त्या वेळीं वाडींत दूरचित्रवाणीचा एकच संच होता, कृष्णधवल, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. रविवारीं सकाळीं त्याच्यापुढें सगळीं पोरें आणि निम्मीं मोठीं माणसें बसत. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेनें १९८९ सालीं काढलेली बावन्न भागांची ‘जंगल बुक’ ही मालिका दूरदर्शननें १९९३ मध्यें हिंदींतून आणली. शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज होता, आणि गुलजारांचें गीत विशाल भारद्वाजांच्या चालीवर पोरांच्या ओठीं खेळत होतें.

या गोष्टीचा प्रवासच पाहा. रड्यर्ड किपलिंग १८६५ सालीं मुंबईंत जे. जे. कलाशाळेच्या आवारांत जन्मला. त्यानें मध्यप्रांतांतील शिवनीच्या रानाची गोष्ट १८९४ सालीं इंग्रजींत छापली. जपान्यांनीं ती चितारली. आणि ती हिंदी बोलत बोलत कर्जतच्या डोंगरांत येऊन पोंचली, जेथें शाळेच्या पायरीखालींच रान सुरू होत होतें. शहरांतल्या मुलांस मोगलीचें रान म्हणजे निव्वळ नवल. वाडींतलीं पोरें तें तपासून घेत. वेलीला लोंबकळून असा कोणी जात नाहीं, वेल तुटते, असा निकाल एकानें पहिल्याच रविवारीं दिला. किपलिंगच्या रानांतले पशु अग्नीला ‘तांबडें फूल’ म्हणतात, हें आम्हीं वर्गांत सांगितलें, तेव्हां पोरें एकमेकांकडे पाहूं लागलीं. त्यांच्या संचावर तें फूल करडें होतें.

त्या पोरांपैकीं एकजण आज रेल्वेंत नोकरीस आहे. त्याला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आहे. बापानें मोबाइलवर जुने भाग पुन्हां पाहावयास घेतले, मुलगा शेजारीं बसूं लागला, आणि बापलेकांनीं मिळून हा जोडाजोडीचा खेळ मांडला. सणासुदीला तो आमच्याकडे येतो तेव्हां गोष्ट कोठवर आली तें सांगतो.

कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनें लावतात, त्यांना बँकर म्हणतात, हें मुंबई-पुणें प्रवास केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे; फलाटावरचा वडा खावयाचा तो याच सवडींत. तर मुलाच्या गोष्टींत बल्लू अस्वलानें विमान सोडून दिलें आहे आणि तो बँकरवर ड्रायव्हर झाला आहे. असें कां, म्हणून आम्हीं विचारलें. मुलगा म्हणाला, “पुढं बसतो त्याला सगळे बघतात. मागनं ढकलतो त्याला कोण बघत नाही. बल्लू मोगलीला मागनंच ढकलायचा.” चाळीस वर्षें खडू झिजविलेल्या माणसानें यावर काय बोलावें! आम्हीं त्याला आणखी एक लाडू दिला.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. वाडीच्या सीमेवर वाघदेव आहे. शेंदूर फांसलेला उभा दगड. वाघबारशीला गुराखी त्याला नैवेद्य दाखवितात आणि गुरें सांभाळ म्हणून त्याची विनवणी करतात. ही वाघबारस येते ती आपल्याकडे वसुबारस असते त्याच दिवशीं. आपण गाय-वासराची पूजा करतों, हे लोक वाघाची. मागणें दोहींकडे गुरांसाठींच.

मुलानें एके दिवशीं बापाला विचारलें, “शेरखान मेल्यावर कुठं गेला?” पुस्तकांतलें उत्तर बापाला ठाऊक होतें: मोगलीनें म्हशींचा कळप अंगावर घालून त्याला तुडविलें, आणि त्याचें कातडें लांडग्यांच्या सभेच्या शिळेवर पसरलें. तेवढ्यानें मुलाचें समाधान होईना. कातडें राहिलें तें ठीक, पण वाघ? अखेर त्याचें त्यानेंच ठरविलें कीं, शेरखान फिरत फिरत आपल्या सीमेवर आला आणि दगडांत जाऊन राहिला, तोच वाघदेव.

बापाला हें पटलें होतें. आजीनें मात्र साफ मोडून काढलें. ती म्हणाली, “वाघदेव आधीपासून तिथंच हाय. तो कुनाच्या भ्यानं दगडात बसत नाय. तुजा शेरखान येनार आसंल तर त्यानं सीमेवर थांबायचं आनि आधी इचारायचं.” झालें, गोष्टीला नवें वळण लागलें. लंगड्या पायाचा, मोगलीनें जाळानें होरपळविलेला शेरखान सीमेशीं येऊन थांबतो. वाघदेव त्याला विचारतो, माणसांनीं तुला कधीं नैवेद्य दाखविला काय? शेरखान म्हणतो, नाहीं, आग दाखविली. वाघदेव म्हणतो, म्हणून तूं चोरून खात होतास.

हीं तीन वाक्यें आजीचीं कीं नातवाचीं हें बापालाहि सांगतां आलें नाहीं. पण तीं ऐकून आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसलों. किपलिंगच्या पुस्तकांत शेरखान नुसता खल आहे. त्याला मारावयाचें एवढाच त्याचा उपयोग. वाघाला त्याचा भाग देऊन शेजारी म्हणून नांदवितां येईल, हा विचार त्या रानांत कोणाच्या मनांत आला नाहीं. आणि वाडीच्या वाघदेवाला, ज्याला कधीं कोणी आग दाखविलीच नाहीं असा वाघ, हा प्रश्न विचारण्याचा प्रसंग आला नव्हता. दोघे भेटले म्हणून तो आला. शेरखान आपली लंगडी तंगडी आणि करपलेले केंस घेऊनच आला आहे, हेंहि विसरतां कामा नये. मारुतीनें आपलें म्हातारपण आणलें तसें.

आमच्या एका वैय्याकरण मित्रास हें ऐकविलें. इंग्रजाच्या वाघाला देवाशीं बोलावयास उभा करणें हा औचित्यभंग, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्यांस आम्हीं एवढेंच विचारलें कीं, जांबवान कृष्णाच्या घरीं सासरा म्हणून आला तेव्हां द्वारकेंतल्या वैय्याकरणांनीं काय केलें असेल? ते अद्याप उत्तराचा विचार करीत आहेत.

या विद्यार्थ्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती खेळांतली नव्हे. मूळ पुस्तकांत मोगली माणसांत राहावयास येतो, आणि गांवकरी त्याला चेटक्या ठरवून दगड मारून हांकलून देतात. वर्गांत आम्हीं हा भाग वाचून दाखविला होता. तो म्हणाला, “गुरुजी, तेव्हां मी घरी जाऊन आयला विचारलं होतं, मोगली आपल्या वाडीत आला तर? आय म्हणाली, येऊं दे की, भाकर खाईल. मग मी बाजाराच्या गावांतल्या मोठ्या शाळेंत गेलो, आणि माझ्या बोलण्याला पोरं हसायला लागली. तेव्हां कळलं, दगड कुठल्या गावात मारतात ते.” वाडींतून वर्ष-दोन वर्षें शिकून बाहेरच्या शाळेंत गेलेलीं किती मुलें आम्हीं मध्येंच परत आलेलीं पाहिलीं आहेत! अभ्यास जमेना म्हणून आलीं, असें दाखल्यावर लिहिलेलें असे.

सिंधुदुर्गांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर मंडळींनींच चित्रकथी जिवंत ठेविली आहे. चित्रांच्या जुडग्यास ते पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढें धरतो, गातो, आणि न हालणारें चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें हालूं लागतें. परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनाबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्या पोथ्यांत रामायण-भारत आहे. कर्जतच्या डोंगरांतल्या वाघाची पोथी मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं, मग चित्रपट कोठला! शेरखानाला इंग्रज, जपानी, अमेरिकन असे तीन-तीन चितारी मिळाले. वाघदेव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडींच राहिला आहे.

आणि तोंडीं राहणें म्हणजे काय तें आम्हां या भागांतल्या लोकांस कळून चुकलें आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतली इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. ती वस्तीहि ठाकरांचीच. माणसें गेलीं त्या दुःखापुढें इतर दुःखें काय मोजावीं? पण किती आख्यानें, किती गाणीं, कोणत्या झाडाला कोणतें नांव, हें त्यांच्याबरोबर मातींत गेलें, त्याचा पंचनामा कोणी करूं शकत नाहीं. त्याच पावसाळ्यांत या विद्यार्थ्यानें एक दोनशें पानी वही घेतली आणि आपल्या आईला बोलतें करून तो लिहूं लागला. आई जशी बोलते तसेंच लिहावयाचें, हा त्याचा नेम. ती वही हातीं घेतली कीं ऱ्हस्वदीर्घ पाहून आमचा हात शिवशिवतो. पण वही त्याची आहे, आणि भाषा त्याच्या आईची.

एका गोष्टींत मात्र आमचें त्यानें ऐकलें. आईनें सांगितलेलें आणि मुलानें रचलेलें तो एकाच शाईनें लिहीत होता. त्यास आम्हीं सांगितलें कीं, बाबा रे, पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्या ताडून मूळ कोणतें आणि मागून शिरलेलें कोणतें तें निवडावयास १९१९ सालीं विद्वान् बसले, ते १९६६ सालीं उठले. तुझ्या नातवांवर तो प्रसंग आणूं नकोस. तेव्हांपासून शेरखान, बल्लू व मोगली यांच्याकडे तांबडी शाई आहे, आणि वाघदेवाकडे निळी. ज्या पानावर दोघांची भेट होते तें पान दोन्ही शायांनीं भरलेलें आहे. मुलाला तेंच पान सर्वांत आवडतें, कारण तें सुंदर दिसतें.

सध्यां गोष्ट कोठवर आली आहे तें सांगून थांबतों. बल्लूनें गाडी जांबरुंगच्या वर ढकलीत आणली आहे. शेरखान रुळांपलीकडे, सीमेच्या बाहेर बसून आहे; आंत यावयाचें तर मागणें कसें मागावयाचें तें त्याला येत नाहीं, आणि मागितल्यावांचून आंत घ्यावयास आजी तयार नाहीं. मोगली वाडींत पोंचला आहे. त्याला नाचणीची भाकर आवडली कीं नाहीं, यावर बापलेकांचा मतभेद आहे. मुलाची सहामाही परीक्षा तोंडावर आल्यामुळें सर्वांना जेथल्या तेथें थांबविण्यांत आलें आहे.